पौलसभाऊंची साक्ष

पौलस गावितला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वर्गाच्या दारात. हातात कोरी वही, कानामागे पेन्सिल आणि वय अठ्ठावीस. मी नुकताच म्हसावदहून विसरवाडीच्या शाळेवर शिक्षक म्हणून आलो होतो आणि दोन वर्षांत बदली करून घेईन अशा तोऱ्यात होतो. बदलीचे अर्ज पुढे तेहतीस वर्षं केले आणि शेवटी इथूनच निवृत्त झालो, तो भाग वेगळा. मला वाटलं, कुणा मुलाचा बाप आलाय. तर हा म्हणाला, मलाच शिकायचंय. साखर कारखान्यात बॉयलरच्या तोंडाशी उसाचा भुसा ढकलायचं काम करत होता आणि त्याला बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा द्यायची होती. शिक्षण सातवी. मी हसलो नाही, पण हसू आलं होतं हे खरं.

सहा महिने शाळा सुटल्यावर तो येत राहिला. मला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पुस्तकातलं वाक्य वाचायचो आणि तो मला त्याचा अर्थ सांगायचा, म्हणजे शिकवणी नेमकी कोणाची चालली होती देव जाणे. परीक्षेत साहेबाने विचारलं, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं तर काय करशील? बाकीच्यांनी सांगितलं, पाणी सोडू. पौलस म्हणाला, आधी आग काढू, पाण्याला हात लावणार नाही, कोरड्या तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी पडलं तर तो फुटतो. तो पास झाला. त्या दिवशी तो माझ्यासाठी घरचा तांदूळ घेऊन आला आणि तेव्हापासून मी त्याचा 'गुरुजी' झालो. माझं नाव हिलाल, खानदेशातल्या हिंदूंतही चालतं तसलं जुनं नाव, आणि म्हसावदच्या माणसाला ते माहीत असतं. विसरवाडीत ते कुणाला ठाऊक नाही.

त्याचा पाडा विसरवाडीपासून वर, डोंगराच्या अंगाला. पस्तीस-चाळीस घरं, बरीचशी ख्रिस्ती, मधोमध पत्र्याचं चर्च. घरी ते त्यांची बोली बोलतात, चर्चमध्ये पुस्तकी मराठी आणि माझ्याशी पौलस अहिराणीत बोलायचा, कारण कारखान्यात सगळे अहिराणीच बोलत. वयाच्या चाळिशीतच चर्चच्या मंडळीने त्याला वडील नेमलं. मंडळीचा वडील म्हणजे कारभारी माणूस. भांडण मिटवायचं, आजाऱ्याला भेटायचं आणि प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट हातात घेऊन बाकांमधून फिरायचं. हे ताट धरताना तो इतका ताठ व्हायचा की मी त्याला चिडवायचो, पौलसभाऊ, ताटात भाकर शे का बॉम्ब?

गळीत हंगामात मात्र त्याचा सगळा जीव बॉयलरवरच्या काट्यात. काटा म्हणजे वाफेचा दाब दाखवणारी सुई. काटा खाली आला की ऊस पिळणारा चरक मंदावतो, चरक मंदावला की गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि मग गाडीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे बॉयलरवाल्याच्या नावाने शंख करतात. म्हणून तिथे एकच शिकवण होती. काटा पडला की आग वाढव. विचार नंतर कर, आधी आग वाढव. तीस वर्षं पौलसच्या हाताने हे केलं. पुढेपुढे तर तो काट्याकडे पाहायचाही नाही, नळावर तळहात ठेवून सांगायचा, पडला बघा. आणि पडलेला असायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखान्याने नारळ दिला. घरी बसून त्याला करमेना. रूथवहिनी, त्याची बायको, मला म्हणाल्या, चुलीवर पातेलं ठेवलं तरी हे शेजारी बसून वाफ बघतात, यांना कुठेतरी लावा. मी काय लावणार? पण वर्ष-दोन वर्षांत सुरतेच्या एका ठेकेदाराकडून बोलावणं आलं. राजस्थानच्या वाळवंटात जमिनीखालून जाड तेल काढायचा प्रयोग चालला होता आणि त्यासाठी वाफेची माणसं हवी होती. ठेकेदाराचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोग नाही आणि आता माझा राग त्याच्यावर कमी, स्वतःवर जास्त आहे.

पहिल्या नाताळात घरी आला तेव्हा पौलस हरखून गेला होता. मला अंगणात बसवून त्याने सगळं समजावलं. तिथे दोनशे मीटर खाली वाळू आहे आणि त्या वाळूला तेल चिकटलेलं आहे, पण डांबरासारखं घट्ट, पंपाला दाद न देणारं. मग करायचं काय? थंडीत खोबरेल तेल गोठलं की आपण बाटली गरम पाण्यात ठेवतो ना, तेच. जमिनीखाली दोन नळ आडवे घातलेले असतात, एकाच्या डोक्यावर दुसरा, मध्ये पाच मीटर अंतर. वरच्या नळातून वाफ सोडायची. आठवडेच्या आठवडे सोडत राहायची. वाळू तापते, तेल सुटतं, ओघळून खालच्या नळात येतं आणि मग वर ओढून घ्यायचं.

"गुरुजी, तठे काहीच दिखत नही," तो म्हणाला. "वाफ धाडानी आन् वाट देखानी. काटा जे सांगस तेच खरं."

आणि मग त्याने मला एक नियम सांगितला, कौतुकाने, नवीन खेळणं दाखवावं तसा. तिथे कारखान्याच्या अगदी उलटं असतं. काटा अचानक पडला तर आग वाढवायची नाही. काटा पडला म्हणजे वाफेला जमिनीत भलतीच वाट सापडली. अशा वेळी वाफ बंद करायची, लगेच, कुणाला न विचारता. हा नियम हिंदीत छापून बॉयलरच्या खोलीच्या भिंतीवर लावला होता आणि पौलसने तो तोंडपाठ केला होता. माझ्यासमोर त्याने तो परीक्षेत म्हणावा तसा म्हणून दाखवला.

दुसऱ्या वर्षी जाताना तो जोएलला घेऊन गेला. जोएल म्हणजे त्याच पाड्यावरच्या मोगराबाईचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, आयटीआय झालेला फिटर, माझा विद्यार्थी. मोगराबाई विधवा. ती मुलाला सोडायला तयार नव्हती. पौलसने तिच्या ओट्यावर बसून शब्द दिला की तुझा पोरगा तो माझा पोरगा. तिने त्याला भाकर वाढली, त्याने खाल्ली आणि विषय संपला.

तिथे जोएलची जोडी जमली ती करणसिंगशी. हा तिकडचाच, वयाने बरोबरीचा, कामावर मदतनीस. दोघं एका ताटात जेवत. वाफेच्या नळांपासून साठ-सत्तर पावलांवर एक जुनं बोअर होतं, पूर्वी कधी तेल शोधताना मारलेलं. त्याच्या तोंडावर एक झडप होती. दिवसातून दोनदा जोएलने ती उघडून आतला दाब पाहायचा, पुन्हा घट्ट बंद करायची आणि करणसिंगने भोवतीच्या तारेचं फाटक लावायचं. एवढंच त्यांचं तिथलं काम.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी जोएल झडपेचं काम आटोपून परत वळला होता. करणसिंग फाटक लावत होता. आणि त्या बोअरच्या भोवतालची जमीन फुटली. वाफ, गरम वाळू आणि काळा चिखल घेऊन तीन माणसांएवढा लोट वर आला. जोएल पळाला असता तर त्याला खरचटलंही नसतं. तो उलटा आत गेला आणि करणसिंगला काखेत हात घालून ओढत बाहेर आणला. त्यात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत उकडले. करणसिंग दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्धीवर होता, नंतर गेला.

दोन महिन्यांनी दोघं घरी आले. जोएलचे हात बांधलेले, पौलस सोबत. पाड्यावरच्यांनी पौलसचे उपकार मानले, म्हणाले, लेकराला जिवंत आणलं. जूनमध्ये ठेकेदाराचा चौकशी अहवाल पोस्टाने आला, इंग्रजीत. पौलस तो वाचून घ्यायला माझ्याकडे आला. मी चष्मा लावून वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. अहवालात म्हटलं होतं की जोएलने जुन्या बोअरची झडप उघडी ठेवली, त्यामुळे वाफ वर आली आणि एक कामगार दगावला. जोएलला विचारलं असता झडप बंद केल्याचं तो खात्रीने सांगू शकला नाही.

हे शेवटचं वाक्य खरं होतं. त्या लोटानंतर जोएलच्या डोक्यातून आधीची पाच मिनिटं पुसून गेली होती. साहेबांनी विचारलं, बंद केली होती? दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. जोएल म्हणाला, आठवत नाही. आम्ही शाळेत यांना खरं बोला म्हणून शिकवतो, ते असं अंगाशी येतं.

मी अहवालाची घडी घातली.  पौलस म्हणाला, "गुरुजी, झडपना काही संबंध नही शे. काटा पडना आन् मन्हा हात आगवर गया."

त्याने सगळं सांगितलं. त्या दुपारी सुपरवायझर जेवायला गेला होता. खोलीत पौलस एकटा. काटा बत्तीसवरून अठ्ठावीसवर आला. भिंतीवर नियम होता, डोक्यात पाठ होता. आणि त्याच्या हाताने बर्नर वाढवला. त्याला कळलंसुद्धा नाही. काटा थोडा वर आला, तेव्हा तीस वर्षांचं समाधान त्याच्या मनाला झालं. पुन्हा पडला, त्याने पुन्हा वाढवला. चाळीस मिनिटं तो जमिनीत वाफ रेटत राहिला आणि ती वाफ जुन्या बोअरच्या नळाबाहेरून, फुटक्या सिमेंटच्या कडेने, वर चढत राहिली. झडप उघडी असती काय, बंद असती काय, जमीन फुटणारच होती.

पण एवढ्यावर संपत नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी तो वहीत काटा आणि बर्नर लिहायचा आणि त्या दिवशीही त्याने इमानाने लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसातून एकजण आला. म्हणाला, पान भिजलंय, दुसरं लिहून द्या. तो सांगत गेला, पौलस लिहीत गेला. नव्या पानावर काटा पडलाच नव्हता. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. खाली पौलसने सही केली. परीक्षेच्या अर्जासाठी जी इंग्रजी सही करायला मी त्याला शिकवलं होतं, तीच.

मी काय केलं ते आता लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय पौलसबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. मी त्याला म्हणालो, "पौलसभाऊ, आते बोलीसन काय उपयोग? जो गया तो गया." बासष्ट वर्षांचा माणूस, मंडळीचा वडील, आता पोलीस आणि कोर्ट कशाला, असं मी त्याला समजावलं. जोएलवर काही खटला नव्हता. नोकरी गेली, ती दुसरी मिळेल. मी चांगला शहाणपणाचा सल्ला देतोय असं मला त्या वेळी वाटत होतं. पौलस अहवाल घेऊन गेला. मला लाज वाटायला अजून चार महिने लागायचे होते.

कारण जोएलवर खटला नव्हता हे माझं म्हणणं चुकीचं होतं. जोएलने स्वतःच तो चालवला होता आणि शिक्षाही ठोठावली होती. अहवाल त्यालाही आला होता. त्याने आधी लोकांत बसणं सोडलं, मग आईबरोबर जेवणं सोडलं, एकटा कोपऱ्यात बसून खायचा. त्याला वाटत होतं, करणसिंगला आपण मारलं. हात बरे झाले, पण कातडी ओढल्यासारखी राहिली आणि तो ते सारखे लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

प्रभुभोजनाच्या रविवारी काय होतं ते मला रूथवहिनींनी सांगितलं. पौलस भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकाने जातो. प्रत्येकजण एक तुकडा उचलतो. ताट जोएलपुढे आलं की तो मान खाली घालतो आणि हात मागे घेतो. त्यांच्यात असं आहे की ज्याच्या मनावर उघड पाप आहे त्याने ते खाऊ नये. जुलैत त्याने घेतलं नाही. ऑगस्टमध्ये नाही. सप्टेंबरमध्ये नाही, ऑक्टोबरमध्येही नाही. दर वेळी पौलस ताट धरून त्याच्यासमोर थोडा जास्त वेळ उभा राहायचा आणि मग पुढे जायचा. घरी आल्यावर तो जेवायचा नाही. रूथवहिनींना कारण माहीत नव्हतं. मला होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी मोगराबाई माझ्याकडे आली. तिला एक चिठ्ठी लिहून हवी होती, हिंदीत, करणसिंगच्या आईला. चर्चमधला हंगामाचा सण झाला की सोमवारी जोएल तिकडे जाणार होता, त्यांच्या पायावर डोकं ठेवायला, माझ्या हातून तुमचा मुलगा मेला असं सांगायला. ते लोक काय करतील याची तिला भीती होती. मारतील, पोलिसांत देतील. म्हणून आधी चिठ्ठी जावी आणि चिठ्ठीत लिहावं की तो वाईट मुलगा नाही, चुकून झालं, आईने आईला माफी मागितली आहे.

आणि मी ती लिहिली. हा सगळ्यात वाईट भाग आहे. मी तिला नाही म्हणू शकलो असतो. खरं सांगू शकलो असतो. ती समोर बसून एकेक वाक्य सांगत होती आणि मी सुंदर अक्षरात लिहीत होतो. शेवटी तिने विचारलं, गुरुजी, नीट लिहिलंय ना? मी म्हणालो, नीट लिहिलंय. तिने अंगठा उमटवला. ती गेल्यावर मी ती चिठ्ठी पोस्टात टाकली नाही, टेबलाच्या खणात टाकली आणि तडक पाड्यावर गेलो.

पौलस शेताच्या बांधावर भाताच्या पेंढ्या बांधत होता. मी त्याला सगळं सांगितलं. जोएल सोमवारी जाणार आहे, न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला. जून महिन्यात दिलेला सल्ला मी परत घेतो, असंही म्हणालो. सल्ला असा परत घेता येत नाही हे मला कळत होतं, तरी म्हणालो.

त्याने पेंढी पुरी बांधली. मग विचारलं, "चिठ्ठीवर तिना अंगठा शे?"

मी म्हणालो, शे.

तो खाली बसला आणि रडला. पौलसला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. पुढे तो काय करणार हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हंगामाचा सण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होता. प्रत्येक घरातून भात, तूर, भोपळे, वाल, काकड्या, जे पिकलं ते आणून चर्चमध्ये पुढे ठेवतात. आणि पाड्याची एक रीत आहे. वर्षभरात जो कोणी लांबच्या कामावरून किंवा मोठ्या संकटातून परतला असेल, तो त्या दिवशी पुढे येऊन साक्ष देतो. देवाने आपल्याला कसं वाचवलं ते सांगतो, आणि शेवटी सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणते. चर्चच्या पाळकांनी पौलसला एप्रिलपासून तीनदा साक्ष द्यायला सांगितलं होतं. तो दर वेळी सणाला देईन म्हणून टाळत होता. मी हिंदू माणूस, दरवर्षी पाहुणा म्हणून जातो आणि मागच्या बाकावर बसतो, जेवणासाठी येतो म्हणून सगळे माझी थट्टा करतात. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही, किंवा केली असेल तर मला ऐकू आली नाही.

पाळकांनी नाव घेतलं. पौलस पुढे गेला. त्याने सुरुवात पुस्तकी मराठीत केली, साक्षीची भाषा तीच असते. मी बंधुभगिनींसमोर उभा आहे, असं काहीतरी म्हणाला आणि थांबला. मग त्याने ती भाषा सोडली आणि आपल्या बोलीत बोलायला लागला. तेहतीस वर्षांत मला ती बोलता आली नसली तरी कळते. त्याने काहीही सजवलं नाही. काटा पडला, मी आग वाढवली. चाळीस मिनिटं वाढवत होतो. जमीन माझ्यामुळे फुटली. वहीत मी खरं लिहिलं होतं, मग मी ते पान बदललं, खोटं लिहिलं आणि सही केली. जोएलने काही केलं नाही. त्याने त्या माणसाला बाहेर काढलं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी चार महिने त्याच्यासमोर भाकरीचं ताट धरलं.

एवढं बोलून तो थांबला. साक्ष संपली की आमेन म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही.  पौलस वडिलांच्या बाकाकडे गेला नाही, तिथेच भाताच्या पेंढ्यांशेजारी जमिनीवर बसला.

मोगराबाई उठली. ती ओरडली नाही. म्हणाली, तू माझ्या ओट्यावर माझ्या हातची भाकर खाल्ली होतीस. आणि बायकांच्या बाजूने चालत बाहेर गेली. मला वाटलं, आता जोएल उठेल. मला भीती वाटत होती की तो पौलसला मारेल आणि खरं सांगायचं तर कुणी त्याला अडवलं नसतं.

जोएल बसूनच होता. त्याने हातावरचं फडकं काढलं होतं आणि तो आपल्या हातांकडे बघत होता. उजव्या हाताने त्याने हवेत काहीतरी फिरवलं, आधी एकदा, मग पुन्हा. चक्र फिरवून झडप बंद करतात तसं. मग तो म्हणाला, मोठ्याने नाही, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे झडप मी बंद केली होती."

शेजारच्याने काही न कळून मान हलवली. जोएलने त्याला पुन्हा सांगितलं, "मी बंद केली होती." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता. पौलसकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. नऊ महिन्यांनी त्याला स्वतःची पाच मिनिटं परत मिळाली होती, त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

जेवणाच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो माझा विद्यार्थी, माझ्याशी अजून शाळेतल्याच मराठीत बोलतो. म्हणाला, "गुरुजी, आईची चिठ्ठी लिहिली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

पौलसने साक्षीत माझं नाव घेतलं नव्हतं. मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो. माहीत होतं."

 तो बाजूच्या पंक्तीत जाऊन बसला. मी न जेवता घरी आलो.

त्याच संध्याकाळी पौलस माझ्याकडे आला आणि त्याने सांगितलेलं सगळं मी लिहून काढलं, ठेकेदाराला एक आणि तिकडच्या पोलिसांना एक. त्याने दोन्हींवर सही केली. अजून तरी उत्तर आलेलं नाही. मंडळीचं वडीलपण त्याने त्याच दिवशी सोडलं होतं. करणसिंगच्या घरी चिठ्ठी लिहू का असं मी विचारलं, तर म्हणाला, "चिठ्ठी नको. मी तोंडवर सांगसू."

सोमवारी सकाळी विसरवाडीच्या फाट्यावर सुरतेची बस आली, तिथून पुढे राजस्थानची गाडी पकडायची होती. पौलस पुढच्या सीटवर बसला, मांडीवर कापडी पिशवी. मी खिडकीपाशी उभा होतो. एवढ्यात जोएल आला. मागच्या दाराने चढला आणि पौलसच्या शेजारी रिकामी जागा असताना त्याच्या मागच्या सीटवर बसला. हात उघडे होते. मी त्याच्या खिडकीशी गेलो आणि विचारलं, बाबा, तू आता कशाला जातोस? तुला माफी मागायचं काही उरलेलं नाही.

"माफी नाही मागायची, गुरुजी," तो म्हणाला. "करणसिंगला मी गाडीत धरून बसलो होतो. तो शेवटपर्यंत बोलत होता. आईला सांग म्हणाला, मला दुखत नाहीये. ज्याने मारलं त्यानेच जाऊन आईला हे कसं सांगायचं? म्हणून मी कुणालाच बोललो नाही. आता सांगू शकतो."

त्या निरोपाबद्दल पौलसला काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याने ऐकलं. मागे वळून पाहिलं नाही, फक्त खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. एका सहीने जोएलचं नाव खराब झालं, एवढंच आम्ही दोघं इतके दिवस धरून बसलो होतो. त्या सहीमुळे तिकडे एक बाई नऊ महिने आपल्या मुलाला किती दुखलं असेल याचा विचार करत बसली आहे, हे आमच्या दोघांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.